मीनाच्या लिव्हरची फाइल

७ जानेवारी २००२, सोमवार. सकाळी ६.१०

सिमेंट कंपनीची डायरी यंदा मिळाली. कागद चांगला आहे. हिच्यात फक्त मीनाच्या आजाराबद्दल लिहायचं ठरवलं आहे. ऑफिस नाही, क्रिकेट नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. मीना, माझी पत्नी, वय शेहेचाळीस. दोन वर्षं अंगाला खाज आणि थकवा. कातडीच्या डॉक्टरांनी मलमं दिली, साबण बदलला, शेजारचं मांजर उगाच बदनाम झालं. दिवाळीनंतर रक्त तपासलं तेव्हा कळलं, भानगड कातडीची नाही, लिव्हरची आहे. लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या हळूहळू खराब होतात. जुनाट आजार. पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आवरता येतो. ज्यांनी हे शोधून काढलं ते डॉक्टर महिनाभरात मुंबईला निघून गेले.

आजाराच्या नावात 'सिऱ्होसिस' हा शब्द आहे, ही मोठी अडचण. विंचूरला मेव्हण्याला फोनवर सांगितलं. शेखर म्हणाला, दाजी, घेता तुम्ही आणि लिव्हर ताईचं कसं गेलं? मी फक्त लग्नकार्यात घेतो. शिवाय या आजाराचा दारूशी काही संबंध नाही, हे त्याला तीनदा सांगितलं. तो तीनदा हसला.

असो. मीनाला आता कायमचा डॉक्टर हवा. वेळ देणारा, ऐकून घेणारा, धीर देणारा. एकतीस जानेवारीच्या आत शोधणार. बांधकाम विभागात बावीस वर्षं टेंडरं तपासतो आहे, एक डॉक्टर निवडणं मला काय अवघड. मीनाला म्हटलं, तू काळजी करू नकोस, सगळं माझ्यावर सोड. ती काही बोलली नाही. पूर्ण विश्वास दिसतो.

१२ जानेवारी, शनिवार

सुट्टी सत्कारणी लावली. बॉक्स फाइल आणली. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, पानांना नंबर दिले. ग्राफ पेपरवर लाल पेनाने तिच्या रक्ताच्या आकड्यांचा आलेख काढला. डॉक्टरांसाठी तुलनात्मक तक्ता केला. रकाने: शिक्षण, अनुभव, स्वभाव, पार्किंग. मीना म्हणाली, पार्किंग कशाला? म्हटलं, मला टेन्शन आलं तर ते तुझ्यापर्यंत पोचतं.

हर्षाली, आमची मुलगी, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तक्ता बघून म्हणाली, पप्पा, यात आईला काय वाटतं याचा रकानाच नाही. तिला समजावलं, तांत्रिक छाननीत लाभार्थीचं मत येत नाही.

१९ जानेवारी, शनिवार

डॉक्टर क्रमांक एक. गंगापूर रोड. वेटिंगमध्ये माशांची पेटी, पार्किंग उत्तम. आत मात्र निराशा. त्यांनी मीनाला विचारलं, भूक कशी आहे? मी सांगितलं, व्यवस्थित. झोप? व्यवस्थित. खाज? आटोक्यात. ते भराभर लिहीत गेले आणि चार मिनिटांत चिठ्ठी फाडून हातात दिली. मी ग्राफची गुंडाळी सोडतच होतो, तर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ येणार नाही. शेरा: ऐकून घेत नाहीत.

परत येताना स्कूटरवर मागून मीना म्हणाली, मला खाजेबद्दल सांगायचं होतं. म्हटलं, सांगितलं ना मी.

२२ जानेवारी, मंगळवार. रात्री जेवणापूर्वी

डॉक्टर क्रमांक दोन. हे नाव वरच्या मजल्यावरच्या पुतळाबाईंनी सुचवलं. या मूळच्या चांदवडच्या, मुलाला प्रेसमध्ये नोकरी, स्वतःला शुगर. नाशिकरोडला बिटको चौकाजवळ डॉ. दिनेश गावित म्हणून आहेत, त्यांच्याकडे त्या जातात. लय ग्वाड माणूस हाय, म्हणाल्या. पोटाचं अन् लिव्हरचं मोठं शिक्षण केलंय. मन मोठं करून गेलो.

वय फार तर चौतीस. सुरगाण्याकडचे. दवाखाना दोन खोल्यांचा, खाली पार्किंग नाही, शेजारी पिठाची गिरणी. त्यांनी मीनाला विचारलं, काय काय त्रास होतो? मी उत्तर दिलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा मीनाला विचारला. मी अधिक सविस्तर उत्तर दिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, काका, त्यांना बोलू द्या.

काका. दसऱ्यापासून मी मिशीलासुद्धा डाय लावतो.

त्यानंतर त्यांनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. तत्त्व म्हणून नकार दिला. मग बाहेर बसलो. पाच मिनिटं म्हणून सत्तावीस मिनिटं घेतली. मीना बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. एखाद्या बाईला रडवणं हा धीर देण्याचा प्रकार मला मान्य नाही. शेरा: अननुभवी, उद्धट, गिरणीचा आवाज.

मीना म्हणाली, मला ते बरे वाटले. तिला माणसं लगेच बरी वाटतात. माझ्या वेळीही तिने एका भेटीत होकार दिला होता.

२ फेब्रुवारी, शनिवार

मुदत संपली. अपरिहार्य कारणास्तव अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढ दिली आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेलो. काउंटरवरच्या मुलीला लिव्हरचा आजार शोधायला सांगितलं. अडतीस पानं प्रिंट निघाली. सगळं जागतिक दर्जाचं ज्ञान. घरी येऊन चार पानं वाचली, डुलकी लागली. हर्षालीने बाकीची चाळली आणि म्हणाली, पप्पा, बाराव्या पानापासून पुढे मेंढ्यांचं लिव्हर आहे. म्हटलं, तत्त्व तेच असतं. पानांना नंबर देऊन फाइलला लावली.

मीना आज पुतळाबाईंबरोबर नाशिकरोडला जाऊन आली. सकाळी सांगत होती, मी पेपर वाचत होतो. म्हटलं, येताना हिंग आण. बायकांना अधूनमधून विरंगुळा हवा. ती दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जाणार आहे. मी परवानगी दिली. ती विचारत नव्हती, सांगत होती, पण तेच.

११ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातले भिकन अण्णा म्हणाले, लिव्हरला पिवळं चालत नाही. यात तथ्य आहे. आजपासून घरात हळद बंद. मोहरीही बंद. तेल अर्धं. मीना म्हणाली, डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. म्हटलं, कुठल्या डॉक्टरांनी, अजून आपला डॉक्टर ठरलाच कुठे आहे? ती भाजी चिरायला गेली.

रात्री वरण पांढरं, बटाटे पांढरे, भात पांढरा. हर्षालीने ताट बघून विचारलं, मीठ पण आहे का यात, दिसत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कुटुंबाने पेशंटच्या पाठीशी उभं राहायचं असतं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ऑफिससमोर मिसळ खाल्ली. पेशंटची काळजी घेणाऱ्याने ताकद राखली पाहिजे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर क्रमांक तीन. फार मोठं नाव. शरणपूर रोडला तीन तास बसलो. आत गेल्यावर मी हळदीचा प्रयोग सांगितला. ते एकदम म्हणाले, हळद कुणी बंद केली? मीनाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? म्हटलं, नाही, पण बांधकामात आहे. ते म्हणाले, मग भिंती बांधा. केबिनमधली नर्स हसली. मीनाही हसली. दोन वर्षांत तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी गुपचूप फाइल आवरली. शेरा: अपमानास्पद.

घरी आल्या आल्या मीनाने हळदीचा डबा वरच्या फळीवरून काढला. ठीक आहे. माघार नाही, धोरणात्मक बदल.

५ मार्च, मंगळवार

मार्चएंडची घाई. मीना नाशिकरोडला गेली होती. परत आली ती प्रसन्न दिसली. रोज सकाळी पाण्यात कसली तरी पावडर ढवळून पिते. इनो असावं. ओट्यावर कॅप्सूलही दिसल्या. या वयात बायका कॅल्शियम घेतात. चांगलं आहे.

९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.३०

सापडला. डॉक्टर क्रमांक चार. पंचवटी. नाव लिहीत नाही, प्रसिद्धी त्यांना आवडत नाही. रस्त्यावरच्या तीन फलकांमुळे पत्ता लगेच सापडला.

काय माणूस आहे. पूर्ण पाऊण तास दिला. ग्राफ टेबलावर पसरायला स्वतः मदत केली आणि म्हणाले, वा, असा नवरा प्रत्येक पेशंटला मिळो. हळदीबद्दल माझ्याशी शंभर टक्के सहमत. मेंढ्यांची पानंसुद्धा वाचली, म्हणाले, फार महत्त्वाचं आहे. मी म्हटलं ते सगळं त्यांना पटलं. त्यांचं स्वतःचं लिव्हर टॉनिक आहे, काढ्यासारखं. नव्वद दिवसांत लिव्हर नवीन होतं. फक्त बाकी सगळी औषधं बंद करायची.

मीनाने विचारलं, या आजाराचं नाव काय आहे ते तुम्ही बघितलं का? ते म्हणाले, ताई, नावात काय आहे. मलाही पटलं. तिने पर्स उचलली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. ऊन लागलं असावं.

तीन बाटल्या आणल्या. तिला बजावलं, या ठेव आणि नियमाने घ्यायचं. ती म्हणाली, ठेवते.

नऊ दिवस उशीर झाला, पण काम फत्ते.

१७ मार्च, रविवार

आदर्श घालून द्यावा म्हणून सकाळी दोन चमचे टॉनिक मीही घेतलं. दिवसभर घराबाहेर पडता आलं नाही. औषध जोरदार आहे यात शंका नाही.

२० एप्रिल, शनिवार

आज सुवर्णाक्षरांनी लिहायला हवं, पण लाल पेन चालेल. मीनाचा नवा रिपोर्ट आला. जो आकडा सहाशे चाळीस होता, तो तीनशे दहा. आलेख सरळ खाली. मी स्वतः पंचवटीला जाऊन डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, बघा टॉनिकची कमाल. मग नम्रपणे म्हणाले, चार ओळी लिहून दिल्यात तर दवाखान्यात लावता येतील. चार कसल्या, दोन पानं लिहिली. 'माझ्या पत्नीचे लिव्हर आणि माझा शोध' असं शीर्षक दिलं. खाली पूर्ण सही, निवृत्ती का. ढोमसे, हुद्द्यासकट. ओळखीसाठी पासपोर्ट फोटो टाचला.

कॉलनीत पेढे वाटले. पुतळाबाई पेढा हातात धरून म्हणाल्या, भाऊ, कशाचं वो हे? सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मीनाकडे बघितलं, मीनाने पायरीकडे बघितलं. पुतळाबाई म्हणाल्या, तुमी लय बोलता, भाऊ. पेढा मात्र खाल्ला.

१९ मे, रविवार

गव्हाच्या टाकीमागे झुरळं झाली म्हणून टाकी सरकवली. मागे टॉनिकच्या तीन बाटल्या. दोन सीलबंद. तिसरी जवळजवळ भरलेली, फक्त मी घेतलेले दोन चमचे कमी.

मीनाला विचारलं, हे काय? ती म्हणाली, ठेव म्हणालात, ठेवल्या. मग रिपोर्ट कसा सुधारला? ती म्हणाली, गावित डॉक्टरांच्या गोळ्यांनी. जानेवारीपासून चालू आहेत. सकाळची पावडर खाजेसाठी. पहिल्या मंगळवारी जाते ती तिथेच. मी म्हटलं, आणि मला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगून गेले. दर वेळी. पहिल्यांदा तुम्ही हिंग आणायला सांगितलंत.

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

डायरी मागे चाळली. हिंग आहे. माझ्याच अक्षरात.

२० मे, सोमवार

रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. मूळ निवड माझीच. डॉ. गावितांकडे तिला प्रथम घेऊन कोण गेलं? मी. तक्त्यात क्रमांक दोनचा शेरा खोडून 'होतकरू' केला.

पंचवटीला जाऊन ते पत्र परत मागितलं. त्यांनी फ्रेम केलं आहे. म्हणाले, आता ते जनतेचं आहे.

४ जून, मंगळवार

सूत्रं हाती घ्यायला रजा टाकून नाशिकरोडला गेलो. मीना, पुतळाबाई, मी आणि फाइल. फाइलमध्ये डॉक्टरांसाठी चाळीस प्रश्न टाइप करून नेले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, आत पेशंट आणि सोबत एक जण. मी उठलो. पुतळाबाई आधीच आत पोचल्या होत्या.

बाकावर बसलो. गिरणी चालू होती. शेजारचा पेशंट म्हणाला, तुम्हाला कुठं तरी पाहिलंय, पंचवटीत फोटो आहे का तुमचा? फोटोही लावला आहे, हे मला आत्ता कळलं.

२ जुलै, मंगळवार. दुपारी ४.००

पुतळाबाई चांदवडला गेल्या आहेत, भाचीच्या बाळंतपणाला. त्यामुळे आज आत मी. बसमध्ये मीनाने एकच अट घातली, बोलायचं नाही. म्हटलं, त्यात काय.

आत डॉक्टरांनी नमस्कार केला आणि खुर्ची मीनाकडे वळवली. विचारलं, कसं चाललंय? मी तोंड उघडलं. मग मिटलं.

ती बोलत होती. मी हे उतरवून ठेवतो, कारण यातलं काहीच फाइलमध्ये नाही.

खाज आता निम्मी आहे. आधी रात्री इतकी यायची की ती उठून स्वयंपाकघरातल्या फरशीवर पालथी झोपायची, गार लागतं म्हणून. पहाटे मी उठायच्या आत परत पलंगावर. दोन वर्षं. तळहाताला यायची तेव्हा खाजवायला कंगवा वापरायची. दुपारी बारानंतर अंगात त्राण राहत नाही, पोळ्या लाटताना दोनदा बसावं लागतं. जानेवारीत तिने इथे विचारलं होतं, मी मरणार का? तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, या आजारात माणसं गोळ्या घेत पुष्कळ वर्षं जगतात, आपण दर तीन महिन्यांनी रक्त बघू, काही बदललं तर आधी तुम्हाला सांगू. आज ती म्हणाली, ते वाक्य मी रोज एकदा म्हणते.

मला तिने हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ग्राफ काढला असता. हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या समजलं आणि खुर्ची फार टोचायला लागली.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्हाला काही विचारायचंय? फाइल मांडीवर होती. चाळीस प्रश्न, सगळे टाइप केलेले. नाही म्हटलं. मग घसा साफ करून विचारलं, पोळ्यांना बाई लावली तर चालेल का? ते म्हणाले, त्यांना विचारा. मीनाकडे वळलो. ती म्हणाली, बाई नको, तुम्ही लाटा.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. हसले असावेत, मान खाली होती.

बाहेर काउंटरवर नवा केसपेपर करायचा होता. मुलगी जुन्यावरून उतरवत होती. नाव, वय, पत्ता. पुढे 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' अशी एक ओळ. तिच्यासमोर पुतळाबाईंचं नाव आणि त्यांच्या मुलाचा फोन नंबर. मी मुलीला सांगितलं, इथे दुरुस्ती करा, नवरा आहे मी. ती म्हणाली, पेशंटने सांगितलं तर करते.

मीना पाकिटात गोळ्या मोजून भरत होती. तिला दाखवलं. तिने ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाली, आज राहू दे. आधी पुतळाबाईंना विचारते.

५ जुलै, शुक्रवार

तीन दिवस पोळ्या करतो आहे. मीना ओट्याजवळ स्टुलावर बसून कणीक किती घट्ट ते सांगते. हर्षालीने एका पोळीला श्रीलंका म्हटलं.

पुतळाबाई रविवारी येणार आहेत.